नत्र धरून ठेवायचे कसे? सावकाश सुटणाऱ्या खतांचे रसायन आणि सांगली-साताऱ्याच्या रानातला वापर

काचेच्या ग्लासात २०० मिली पाणी घ्या आणि दुकानातून आणलेल्या निमकोटेड (निंबोळी तेल चढवलेल्या) युरियाचे पाच सपाट चमचे, म्हणजे साधारण २० ग्रॅम दाणे त्यात टाका. चमच्याने ढवळत राहिलात तर काही मिनिटांत दाणे दिसेनासे होतात आणि ग्लास बाहेरून गार लागतो. युरिया विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतो. एवढ्या प्रमाणात तापमान पाचेक अंशांनी उतरते. निंबोळीचा वास जाणवेल, पण दाणा विरघळायला साध्या युरियापेक्षा जास्त वेळ घेत नाही.

हे आधी करून बघायला सांगण्याचे कारण असे की, निमकोटेड म्हणजे सावकाश विरघळणारा युरिया, हा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. त्या भरवशावर गोणी सरीत फेकली जाते, वर उघडीच राहते आणि आठ दिवसांनी ऊस हिरवा का झाला नाही म्हणून दुसरी गोणी येते. निंबोळीचे काम वेगळे आहे. गंधकाचा थर वेगळे काम करतो, आणि मोठी गोळी चिखलात खोल पुरण्याचे काम त्याहून वेगळे. नत्र रानातून तीन वाटांनी जाते आणि प्रत्येक खत त्यातली एखादीच वाट अडवते. आपल्या रानात कोणती वाट उघडी आहे हे ओळखल्याशिवाय खत निवडणे म्हणजे कुलूप एका दाराचे आणि चोर दुसऱ्या दाराने.

नत्र जाते कुठून

युरियात ४६ टक्के नत्र असते. ४५ किलोच्या गोणीत ते २०.७ किलो भरते. पण युरियाच्या रेणूवर विद्युतभार नसतो, त्यामुळे मातीचे कण त्याला धरत नाहीत. विरघळल्याबरोबर तो पाण्यासोबत चालू लागतो. खत टाकल्यावर लगेच पाटाने सरी तुडुंब भरली, तर सुरुवातीचा काही युरिया मुळांच्या खाली किंवा शेताच्या खालच्या टोकाला जातो. ही पहिली गळती आपण पाण्याच्या हाताने करतो.

त्यानंतर मातीतले युरिएज नावाचे विकर (एन्झाइम) कामाला लागते. हे विकर जिवाणूंमध्ये, कुजणाऱ्या पाचटात (उसाच्या वाळल्या पाल्यात), शेणखतात भरपूर असते. जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये ते स्फटिकरूपात वेगळे केले आणि विकर म्हणजे प्रथिन हे त्यातून दाखवता आले. युरिएज युरियाचे अमोनियम कार्बोनेट करते. उबदार, ओलसर मातीत हे काम दोन-चार दिवसांपासून आठवड्याभरात उरकते. अमोनियम कार्बोनेट अल्कधर्मी असल्याने दाण्याभोवतीच्या मातीचा सामू (पीएच) काही दिवस ९ च्या आसपास चढतो, आणि खरी गडबड तिथेच होते. अमोनियमवर धनभार असतो, ते मातीला चिकटून राहते. पण सामू चढला की त्याचा वायू होतो. सामू सव्वासातला अमोनियमपैकी सुमारे एक टक्का अमोनिया वायूच्या रूपात असतो, सव्वाआठला नऊ टक्क्यांच्या आसपास, सव्वानऊला निम्मा. वाळवा, पलूस, मिरज भागातल्या कृष्णाकाठच्या काळ्या रानाचा सामू मुळातच आठाच्या वर, त्यात चुनखडी आणि जागोजागी चोपण, म्हणजे सोडियम साचून घट्ट झालेले रान. अशा रानात उघड्यावर पडलेला युरिया म्हणजे हवेत सोडलेले नत्र. ही दुसरी वाट.

तिसरी वाट नायट्रेटची. मातीत टिकलेल्या अमोनियमचे नायट्रोसोमोनास गटातले जिवाणू नायट्राइट करतात आणि नायट्रोबॅक्टर गटातले त्याचे नायट्रेट. उबदार, वापशाच्या (ओल आणि हवा दोन्ही असलेल्या) मातीत दोन ते चार आठवडे लागतात. नायट्रेटवर ऋणभार, म्हणून माती त्याला धरत नाही. माण-खटावच्या मुरमाड हलक्या रानात ते पाण्याबरोबर खाली जाते. भारी काळ्या रानात खाली जायला वाट कमी, पण तिथे पाणी साचते, हवा संपते, आणि दुसरे जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरून त्याचे नायट्रस ऑक्साइड आणि नत्रवायू करून टाकतात. नायट्रस ऑक्साइड शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता धरतो. म्हणजे साचलेल्या पाण्यातल्या युरियाची किंमत फक्त आपल्या खिशातून जात नाही.

हळदीच्या पट्टीवर आपल्या रानाची परीक्षा

अमोनिया उडतो हे डोळ्यांनी बघायचे असेल तर सांगलीकरांच्या घरातच त्याचे साधन आहे. हळदीतले कुरकुमिन अल्क लागले की पिवळ्याचे विटकरी-लाल होते.

एक चमचा हळद चार चमचे सर्जिकल स्पिरिटमध्ये कालवा. पाण्यात कुरकुमिन नीट उतरत नाही. टिपकागदाच्या किंवा पांढऱ्या सुती कापडाच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या त्यात बुडवून सावलीत वाळवा. लोणच्याच्या तीन रिकाम्या, स्वच्छ, लिटरभराच्या बरण्या घ्या. आपल्या रानातली वरची वीतभर माती चाळून प्रत्येक बरणीत ४०० ग्रॅम भरा. माती वापशावर हवी: मुठीत दाबली की गोळा व्हावा, पण तळहात ओला होऊ नये. पहिल्या बरणीत काही घालू नका. दुसरीत दोन ग्रॅम युरिया वर भुरभुरा. तिसरीत थोडी माती, त्यावर दोन ग्रॅम युरिया आणि वरून पाच सेंटिमीटर माती, अशी रचना करा. प्रत्येक झाकणाच्या आतून ओली केलेली हळदीची पट्टी चिकटपट्टीने टांगा, ती मातीला किंवा काचेला लागता कामा नये. झाकण घट्ट लावून बरण्या सावलीत ठेवा.

दोन ते चार दिवसांत दुसऱ्या बरणीतली पट्टी लालसर होऊ लागते. तिसरीतली उशिरा आणि फिकी होते. पहिली पिवळीच राहायला हवी. ती लाल झाली तर पट्टी ओली करायला वापरलेले पाणी दोषी. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट इतके असतात की नुसत्या पाण्यानेही हळद रंग बदलू शकते. पावसाचे किंवा फिल्टरचे पाणी वापरा. पट्टी बाहेर काढून वाऱ्याला धरली की अमोनिया उडून ती पुन्हा पिवळी पडते, म्हणून रंग बरणीच्या आत असतानाच बघायचा.

दुसऱ्या बरणीतला युरिया निमकोटेडच होता हे लक्षात घ्या. निंबोळीने अमोनिया अडवला नाही. पाच सेंटिमीटर मातीने अडवला.

कोणते खत काय करते

देशात तयार होणारा सगळा युरिया निमकोटेड करणे २०१५ पासून सक्तीचे झाले. कोटिंग म्हटले तरी तेलाचे प्रमाण अगदी थोडे, किलोला ग्रॅमच्याही खाली असते. निंबोळीतल्या निंबिन, सलानिन, एपिनिंबिन यांसारख्या कडू ट्रायटर्पिनॉइड घटकांमुळे नायट्रोसोमोनासचे काम मंदावते, म्हणजे अमोनियमचे नायट्रेट होणे लांबते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात या गुणावर पायाभूत काम झाले. करंजाच्या पेंडीतला करंजिन हा घटकही हेच करतो. तेव्हा निंबोळी तिसऱ्या वाटेवरची राखणदार आहे. बाहेरच्या देशांत याच कामासाठी डायसायनडायअमाइड आणि डीएमपीपी वापरतात. युरिएजलाच रोखणारा एनबीपीटी हा घटक मात्र दुसऱ्या वाटेवरचा, आणि तो निंबोळीची जागा घेत नाही, तसेच निंबोळी त्याची.

गंधकाचा थर असलेला युरिया ही जुनी कल्पना. अमेरिकेतल्या टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीने अलाबामातल्या मसल शोल्स इथे १९६० च्या दशकात ती विकसित केली. गरम केलेले युरियाचे दाणे फिरत्या पिंपात घेऊन त्यांच्यावर वितळलेल्या गंधकाचा फवारा मारतात, वर मेणाचा थर देतात आणि शेवटी चिकटपणा घालवायला भुकटी लावतात. गंधक पाण्यात विरघळत नाही. पाणी आत शिरते ते थराला पडलेल्या सूक्ष्म छिद्रांतून आणि चिरांतून. एकदा वाट मिळाली की आतला युरिया बराचसा लवकर बाहेर येतो. त्यामुळे असे एकेक दाणे सावकाश झिरपत नाहीत. काही पहिल्या दिवशी फुटतात, काही पंधराव्या, काही जाड थराचे महिनोन् महिने तसेच राहतात, आणि सगळ्या दाण्यांची मिळून सावकाश सुटल्याची गोळाबेरीज होते. हे समजले की थर का जपायचा ते वेगळे सांगावे लागत नाही. पोते आपटले, दाणे रोटाव्हेटरखाली गेले, की उरतो तो महागडा साधा युरिया.

भारतात हे खत युरिया गोल्ड या नावाने २७ जुलै २०२३ रोजी राजस्थानातल्या सीकर इथून जाहीर झाले. त्यात ३७ टक्के नत्र आणि १७ टक्के गंधक. ४० किलोच्या गोणीत १४.८ किलो नत्र आणि ६.८ किलो गंधक येते. गोणीची किंमत २६६ रुपये ५० पैसे ठरली, म्हणजे निमकोटेडच्या ४५ किलोच्या गोणीइतकीच. नत्राच्या किलोमागे हिशेब केला तर निमकोटेड सुमारे १३ रुपयांना पडते आणि गंधकवाले १८ रुपयांना. फरकाचे पाच रुपये गंधकासाठी आणि वेळेसाठी मोजतो आहोत हे ध्यानात ठेवून घ्यावे.

या गंधकाने चोपण रान सुधारेल असे सांगणारे भेटतात. आकडा मांडून बघू. मातीतले जिवाणू गंधकाचे सल्फ्युरिक आम्ल करतात, आणि एक किलो गंधकापासून झालेले आम्ल तीन किलोच्या आसपास चुना खाते. एकरी १५ किलो गंधक गेले तर ४७ किलो चुना संपला. एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटरच्या थरात सुमारे ८०० टन माती असते. तिच्यात दहा टक्के चुनखडी धरली तर चुना ८० टन. दाण्याशेजारच्या सुतभर मातीत सामू जरा खाली येईल, ऊस-हळदीला गंधक अन्नद्रव्य म्हणून मिळेल, ते खरे आणि उपयोगाचे आहे. रान सुधारायला निचरा आणि माती परीक्षणावर ठरलेले जिप्समच लागते.

प्लॅस्टिकच्या, म्हणजे राळेच्या किंवा पॉलियुरेथेनच्या पातळ कवचाचे दाणे रोपवाटिकेत आणि कुंड्यांत दिसतात. त्यात पाण्याची वाफ कवचातून आत जाते, आत संपृक्त द्रावण तयार होते आणि ते दाबाने व विसरणाने बाहेर झिरपते. इथे वेग ठरवते ते तापमान. दहा अंशांनी वाढले की वेग जवळपास दुप्पट. युरोपीय मानकात २५ अंशांच्या पाण्यात २४ तासांत १५ टक्क्यांहून जास्त आणि २८ दिवसांत ७५ टक्क्यांहून जास्त अन्नद्रव्य सुटता कामा नये अशी अट आहे. पाकिटावर सहा महिने लिहिलेले खत अशा ठरावीक तापमानावरचे असते, एप्रिल-मेच्या तापलेल्या काळ्या कुंडीत ते बरेच आधी संपते. महाबळेश्वर-पाचगणीच्या गारव्यात तेच जास्त पुरते. उसाच्या रानात इतके कवच मातीत सोडणे मला पटत नाही, आणि खर्चातही बसत नाही.

राहिली ती रासायनिक जोडणीची खते. युरिया आणि फॉर्माल्डिहाइड आधी अल्कधर्मी आणि मग आम्लधर्मी माध्यमात जोडले की मिथिलीन युरियाच्या लांब-आखूड साखळ्या होतात, नत्र ३८ टक्क्यांच्या आसपास. साखळी जितकी लांब तितकी पाण्यात कमी विरघळते; ती तोडायला जिवाणू लागतात, म्हणून थंड किंवा मृत मातीत हे खत निजून राहते. आयबीडीयूमध्ये दोन युरिया रेणू एका आयसोब्युटिराल्डिहाइडशी जोडलेले असतात, नत्र ३१-३२ टक्के, आणि ते जिवाणूंशिवाय नुसत्या पाण्याने सुटते. दाणा मोठा तर वेग कमी. ही हिरवळीच्या मैदानांची खते. यूट्यूबवर बघून घरी फॉर्मेलिन आणि युरिया एकत्र करू नका. फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक आहे, क्रियेत उष्णता निघते, आणि प्रमाण चुकले की हातात खत येत नाही, न विरघळणारी पांढरी राळ येते.

निंबोळी पेंड युरियाला कशी चढवायची

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची उसासाठी शिफारस सहाला एक, म्हणजे सहा किलो युरियाला एक किलो निंबोळी पेंड. ४५ किलोच्या गोणीला साडेसात किलो. गोणी आधीच निमकोटेड असताना पेंड कशाला, असा प्रश्न येतो. गोणीवरचे तेल किलोला ग्रॅमहूनही कमी आहे, आणि एक किलो युरियाला दीडशेहून जास्त ग्रॅम पेंड देताना आपण कडू घटक कित्येक पटींनी वाढवतो. शिवाय पेंडीत स्वतःचे चार-पाच टक्के सेंद्रिय नत्र असते, ते कुजत कुजत मिळते.

आधी पेंड पारखा. चिमूटभर जिभेच्या टोकावर ठेवली तर कडवटपणा लगेच पसरून तोंडात रेंगाळला पाहिजे. मूठभर पेंड ग्लासभर पाण्यात ढवळून दहा मिनिटे ठेवा. तळाशी माती-वाळूचा वेगळा थर बसला तर ती पेंड परत करा. ढेकळे असतील तर कुटून पिठाच्या चाळणीपेक्षा जरा मोठ्या चाळणीतून काढा. जाड पेंड दाण्याला धरत नाही, सरीत वेगळी पडते.

कोरड्या, उन्हाच्या दिवशी ताडपत्रीवर एक गोणी युरिया पसरा. २०० ते २५० मिली निंबोळी तेल हातपंपाने किंवा झारीने थोडे थोडे मारत फावड्याने दाणे खालीवर करा, सगळ्यांना तकाकी येईपर्यंत. मग चाळलेली पेंड तीन हप्त्यांत भुरभुरत फिरवा. जुन्या पत्रकांत तेलाच्या जागी रॉकेलमध्ये पातळ केलेले डांबर असते. रॉकेल आता सहज मिळत नाही आणि तेलाने काम भागते. पाणी मात्र एक थेंब नको. युरिया हवेतलेच पाणी ओढतो. ३० अंशांना हवेची आर्द्रता पंचाहत्तरीच्या वर गेली की दाणे पाझरायला लागतात. आडसाली उसाची लागण नेमकी जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत असते, तेव्हा मिश्रण रात्रभर प्लॅस्टिकने झाकून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रानात घाला. आठवडाभर ठेवलेल्या मिश्रणाचा दगड होतो.

सिंगल सुपर फॉस्फेटही त्याच ढिगात कालवण्याचा मोह टाळावा. युरिया सुपर फॉस्फेटच्या स्फटिकात बांधलेले पाणी सोडवतो आणि तासाभरात ढीग चिखलासारखा होऊ शकतो. दोन्ही द्यायचीच असतील तर बांधावर मिसळून लगेच सरीत.

पिकाप्रमाणे मात्रा

आडसाली उसाला पश्चिम महाराष्ट्रासाठी हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० स्फुरद आणि १७० पालाश ही शिफारस आहे. एकरी १६०, ६८, ६८. नत्राचे चार हप्ते: लागणीला दहा टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी चाळीस, बारा ते सोळा आठवड्यांनी दहा आणि मोठ्या बांधणीला चाळीस. युरियात मांडले तर एकरी ३५, १३९, ३५ आणि १३९ किलो, आणि पेंड अनुक्रमे ६, २३, ६, २३ किलो. फलटण तालुक्यातल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राच्या परिसरातले मध्यम-भारी रान असो की वाळव्याचे काळे, हप्त्यांची ही विभागणी धरूनच चाला. माती परीक्षणाप्रमाणे एकूण मात्रा बदलते.

लागणीला स्फुरदाचा अर्धा हप्ता डीएपीतून (डायअमोनियम फॉस्फेट, यात नत्र आणि स्फुरद दोन्ही असतात) दिला, तर ७४ किलो डीएपीबरोबर १३ किलो नत्र आपोआप येते. मग युरिया ३५ नव्हे, फक्त सहा किलो लागतो. इथे हमखास दुहेरी मात्रा पडते आणि ती वाया जाते, कारण कोंब फुटण्याआधी ते नत्र घ्यायला मुळेच नसतात.

सहा-आठ आठवड्यांचा हप्ता सप्टेंबरात येतो. पाऊस आहे, फुटवे निघताहेत, अमोनियमचे नायट्रेट वेगाने होते. इथे पेंडवाला युरिया योग्य, पण ओळीच्या बाजूला चळी घेऊन, सात-आठ सेंटिमीटर खोल, आणि वर माती ओढून. गंधकवाले खत मी मोठ्या बांधणीला सुचवेन, तेही अर्धेच: ६४ किलो नत्रापैकी ३२ किलो पेंडवाल्या युरियातून म्हणजे ७० किलो, आणि ३२ किलो गंधकवाल्यातून म्हणजे ८६ किलो, दोन गोण्यांहून थोडे जास्त. बांधणीची माती दोन्हींवर चढते आणि त्यानंतर महिनोन् महिने त्या रानात खत घेऊन शिरता येत नाही. सावकाश सुटण्याचा खरा उपयोग तिथे आहे. बांधणीनंतर उशिरा मात्र असे खत टाकू नये. पक्वतेच्या काळात नत्र सुटत राहिले तर ऊस वाढत राहतो आणि साखर भरत नाही.

खोडव्यात पाचट ठेवलेले असते, आणि पाचट म्हणजे युरिएजचे आगर. पाचटावर फेकलेला युरिया मातीला टेकण्याआधीच अमोनिया होतो. पाचट कुजवण्यासाठी एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट आणि ४ किलो जिवाणू संवर्धक अशी शिफारस आहे, तो युरिया टाकल्याबरोबर पाणी द्यायचे. पिकाचे खत पहारीनेच: बुडख्यापासून १० ते १५ सेंटिमीटरवर, तितकेच खोल, दोन छिद्रांत ३० सेंटिमीटर. पहिला हप्ता तुटल्यापासून १५ दिवसांत एका बाजूला, दुसरा १३५ दिवसांच्या सुमारास दुसऱ्या बाजूला. एकरी १०० किलो नत्र धरले तर प्रत्येक वेळी १०९ किलो युरिया. चार फुटी सरीत एकरी अकरा हजारांच्या आसपास छिद्रे होतात, म्हणजे छिद्राला दहा ग्रॅम युरिया. एका बाटलीच्या झाकणात दहा ग्रॅम मोजून खूण करा आणि मजुरांच्या हाती तेच माप द्या. मुठीने टाकले की पहिल्या सऱ्यांना दुप्पट जाते आणि शेवटच्या सऱ्या उपाशी राहतात. खत पडल्यावर छिद्र टाचेने बंद करायचे. उघडे छिद्र म्हणजे अमोनियाचे धुराडे.

हळदीला हेक्टरी २०० किलो नत्र, म्हणजे एकरी ८०. लागणीनंतर ४५ दिवसांनी ८७ किलो युरिया आणि भरणीला, १०५ दिवसांच्या सुमारास, तेवढाच. भरणीनंतर सुटत राहणारे नत्र पाने वाढवते, गड्डे पोसायच्या वेळी ते नको असते. म्हणून हळदीत पेंडवाला युरिया पुरेसा, जाड कवचाचे खत नको. मिरज तालुक्यात कसबे डिग्रजला हळदीचे संशोधन केंद्र आहे, सुधारित जातींच्या मात्रेसाठी तिथे विचारावे.

तासगावच्या द्राक्षबागेत सावकाश सुटणारे नत्र घालूच नये असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे फळछाटणीनंतर नत्र हवे तेव्हा थांबवता आले पाहिजे. मातीत पुरलेले खत थांबवता येत नाही, शेंडा चालत राहतो आणि कोवळ्या पानांवर डाऊनी (केवडा) रोग येतो. ठिबक असेल तर साधा युरिया थोडा थोडा सोडणे हेच सर्वांत नेमके नियंत्रण. उसातही १३९ किलोचा हप्ता ठिबकने आठ आठवड्यांत विभागला तर आठवड्याला सतरा-साडेसतरा किलो पडतो. ठिबकच्या टाकीत कवचाचे खत घालू नका, गंधकाची सालपटे फिल्टर बंद करतात.

शिराळा, पाटण, जावळीच्या भाताला मात्र वेगळा मार्ग आहे आणि तो फार चांगला आहे. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची ब्रिकेट चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) मधोमध, ७ ते १० सेंटिमीटर खोल, लावणीच्या दिवशीच खोचतात. रोपे १५-२५ सेंटिमीटरच्या जोडओळीत. एकरी २५ हजार ब्रिकेट, वजन साडेसदुसष्ट किलो. चिखलाच्या त्या थरात हवा नसते, म्हणून अमोनियमचे नायट्रेट होत नाही, आणि वर चिखल असल्याने वायू उडत नाही. तिन्ही वाटा एका बोटाच्या दाबाने बंद. ब्रिकेट वर राहिली किंवा त्या जागी पाय पडून चिखल उघडला की फायदा गेला. खोचल्यावर आठ-दहा दिवस खाचरात फिरू नये.

खत खरेच सुटते का, ते रानातच मोजा

गंधकवाल्या खतासाठी मच्छरदाणीच्या जाळीचे हातभर लांब, चार बोटे रुंद तुकडे कापा. प्रत्येकात वजनकाट्यावर मोजून २० ग्रॅम खत घाला, फुटके दाणे काढून. तोंड नायलॉनच्या दोऱ्याने बांधून दोऱ्याचे दुसरे टोक वर ठेवा आणि त्याला रंगीत चिंधी बांधा. अशा सहा पुरचुंड्या, ज्या दिवशी खत दिले त्याच दिवशी, वरंब्याच्या कुशीत दहा सेंटिमीटर खोल पुरा. दर पंधरा दिवसांनी एक काढा, गाळ निघेपर्यंत पण झटपट धुवा, सावलीत कडक वाळवून तोला.

२० ग्रॅमांत सुमारे १६ ग्रॅम युरिया आणि ४ ग्रॅम गंधक-मेणाचे कवच असते. १२ ग्रॅम उरले तर निम्मा युरिया सुटला. ४ ग्रॅमांवर आले तर नुसती टरफले उरली. दाणा दोन बोटांत दाबला की पोकळ फुटतो. पहिल्याच पुरचुंडीत, पंधराव्या दिवशी, ६-७ ग्रॅमच उरले असतील तर कवच आधीच तडकलेले होते: गोणी वाहतुकीत आपटली, नाहीतर पेरणीयंत्राच्या फाळात दाणे चिरडले. तीन महिन्यांनीही १० ग्रॅमांच्या खाली आले नाही, तर थर जास्त जाड किंवा मातीत ओल कमी. पुढच्या हप्त्यात गंधकवाल्याचा वाटा निम्म्यावरून पाव करून उरलेले पेंडवाल्या युरियातून द्या.